तुरुंगातली तक्रार कोणाच्या हातून जाते?

भारतातल्या तुरुंगांचा कारभार शंभराहून अधिक वर्षे ज्या कायद्यावर चालला, त्या १८९४ च्या तुरुंग कायद्याच्या ४५ व्या कलमात तुरुंगातल्या गुन्ह्यांची यादी आहे. हुकूम न पाळणे, कामाला नकार देणे, आजाराचे सोंग घेणे, मनाई असलेली वस्तू जवळ बाळगणे अशा गोष्टी तीत येतात. त्यांच्याच रांगेत एक गुन्हा असा आहे: कोणा अधिकाऱ्यावर किंवा कैद्यावर जाणूनबुजून खोटा आळ घेणे. पुढच्या, म्हणजे ४६ व्या कलमानुसार या गुन्ह्यांची चौकशी अधीक्षकाने करायची, निकाल त्यानेच द्यायचा आणि शिक्षाही त्यानेच ठरवायची. ही दोन कलमे एकत्र वाचली की तुरुंगातल्या तक्रारीची मूळ अडचण लक्षात येते. एखाद्या शिपायाने आपल्याकडून पैसे उकळले, असे एका कैद्याला सांगायचे आहे. त्याचे साक्षीदार असणार ते त्याच बराकीतले कैदी किंवा त्या शिपायाचे सहकारी. आरोप सिद्ध झाला नाही, तर तो 'खोटा' होता की केवळ 'सिद्ध न झालेला' होता, हे ठरवणार शिपायाचाच वरिष्ठ. आणि तो खोटा ठरला, तर तक्रार करणाराच गुन्हेगार. अधीक्षक कितीही सरळ माणूस असला, तरी या रचनेत कैद्याने गप्प बसणे हाच शहाणपणा ठरतो. म्हणून तुरुंगात तक्रारीची सोय आहे का, हा प्रश्न मला अपुरा वाटतो. सोय कागदावर बहुतेक ठिकाणी असते. ती तक्रार लिहिल्यापासून तिचा निकाल लागेपर्यंत कोणाकोणाच्या हातून जाते, यावर तिचे सारे भवितव्य ठरते. ज्याच्याविरुद्ध ती आहे त्याच्या किंवा त्याच्या खात्याच्या हातूनच ती जाणार असेल, तर भिंतीवर कितीही पेट्या टांगल्या तरी त्या रिकाम्याच राहतील.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा सर्वोच्च न्यायालयाच्या २० डिसेंबर १९७९ च्या निकालात आहे. सुनील बत्रा नावाचा फाशीची शिक्षा झालेला कैदी दिल्लीच्या तिहार तुरुंगात होता. त्याने सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना पत्र लिहिले. पत्र स्वतःच्या शिक्षेबद्दल नव्हते. प्रेमचंद नावाच्या दुसऱ्या कैद्याला एका हेड वॉर्डरने अमानुष मारहाण केली होती. त्याच्या भेटीला येणाऱ्या नातेवाइकांकडून पैसे काढावेत, हा त्यामागचा हेतू होता. न्यायालयाने ते पत्रच याचिका मानले आणि डॉ. वाय. एस. चितळे व मुकुल मुद्गल या दोन वकिलांना न्यायालयाचे मित्र म्हणून नेमले. त्यांना तुरुंगात जाण्याचा, कैद्याला भेटण्याचा, कागदपत्रे पाहण्याचा आणि साक्षीदारांशी बोलण्याचा अधिकार दिला. तेव्हा कुठे प्रकरण उघडे पडले. तोपर्यंत ते दडपण्याचा प्रयत्न झालाच होता: जखम मूळव्याधीमुळे झाली किंवा कैद्याने ती स्वतःच करून घेतली, असे खुलासे तयार होते. एका कैद्याचे शरीर, त्याची जखम, त्या जखमेची नोंद आणि त्या नोंदीचा अर्थ, हे सारे एकाच खात्याच्या ताब्यात होते. बाहेरचे दोन वकील आत गेले नसते, तर कागदोपत्री ती जखम मूळव्याधच राहिली असती.

न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांचा तो निकाल त्यातल्या भाषेसाठी अनेकदा आठवला जातो. मला त्यातले आदेश अधिक मोलाचे वाटतात, कारण ते अतिशय व्यावहारिक आहेत. तक्रारपेट्या जिल्हा दंडाधिकारी आणि सत्र न्यायाधीश यांच्या देखरेखीखाली असाव्यात, त्या वेळोवेळी उघडल्या जाव्यात आणि प्रत्येक कैद्याला त्यांच्यापर्यंत जाता यावे, असे न्यायालयाने सांगितले. पेटीची किल्ली तुरुंगाच्या कार्यालयात असू नये, हा त्यातला गाभा. दंडाधिकारी आणि न्यायाधीशांनी स्वतः किंवा प्रतिनिधीमार्फत तुरुंगाला भेट द्यावी, गाऱ्हाणी ऐकावीत आणि लवकर चौकशी करावी. नेमलेल्या वकिलांना कैद्यांशी गोपनीय बोलता यावे. एकांतकोठडी, कष्टाचे काम, आहारात कपात किंवा शिक्षा म्हणून दुसऱ्या तुरुंगात बदली या गोष्टी सत्र न्यायाधीशाच्या मंजुरीशिवाय होऊ नयेत आणि तातडीच्या प्रसंगी झाल्याच, तर दोन दिवसांत त्याला कळवावे. हा शेवटचा आदेश वरवर तक्रारीशी संबंधित वाटत नाही. पण तक्रार करणाऱ्याला गप्प करण्याची नेहमीची साधने हीच असतात: दुसऱ्या जिल्ह्यातल्या तुरुंगात बदली, म्हणजे घरच्यांची भेट बंद, वकील लांब, खटल्याची तारीख चुकण्याची भीती. ती साधने तुरुंगाच्या एकट्याच्या हातात ठेवून तक्रारपेटी लावणे व्यर्थ आहे, हे न्यायालयाला तेव्हाच दिसले होते.

मुंबईचे एक प्रकरण याच मुद्द्याची दुसरी बाजू दाखवते. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहातल्या पंधरा बंदी महिलांशी बोलून सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. त्यांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले होते. न्यायालयाने निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिका डॉ. ए. आर. देसाई यांना आत जाऊन महिलांशी बोलण्यास सांगितले आणि १९८३ च्या निकालात इतर आदेशांबरोबर असेही म्हटले की, मुंबईतल्या पोलीस कोठड्यांना शहर सत्र न्यायालयाच्या न्यायाधीशाने, शक्यतो महिला न्यायाधीशाने, वेळोवेळी अचानक भेट द्यावी. 'अचानक' हा शब्द इथे सर्वांत महत्त्वाचा. आधी कळवून दिलेल्या भेटीच्या दिवशी जेवण बरे असते, संडास धुतलेले असतात आणि ज्या कैद्याने बोलू नये असे वाटते, तो नेमका त्या दिवशी न्यायालयात किंवा रुग्णालयात पाठवलेला असतो. ही जगभरच्या तुरुंग निरीक्षकांची नेहमीची चिंता आहे. म्हणूनच संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या नेल्सन मंडेला नियमांत पूर्वसूचना न देता भेट देण्याचा आणि कैद्याशी एकांतात बोलण्याचा अधिकार निरीक्षकांना दिलेला आहे. खात्याचे आपले निरीक्षण वेगळे आणि खात्याबाहेरच्या संस्थेचे वेगळे, अशी दुहेरी तपासणी असावी, हेही त्या नियमांत स्पष्ट आहे.

एवढे सारे सांगून झाल्यावर ३४ वर्षांनी, जून २०१७ मध्ये, भायखळ्याच्या महिला कारागृहातल्या एका सिद्धदोष बंदी महिलेचा मृत्यू झाला. शिधावाटपात दोन अंडी आणि पाच पाव कमी पडल्याच्या कारणावरून तुरुंग कर्मचाऱ्यांनी तिला मारहाण केली, असा आरोप झाला आणि सहा कर्मचाऱ्यांना अटक झाली. दुसऱ्या दिवशी कारागृहातल्या महिलांनी आंदोलन केले, काही जणी छतावर चढल्या, आणि त्या महिलांवरही दंगलीचा गुन्हा नोंदवला गेला. न्यायालयीन तपशिलात मी शिरत नाही. मला प्रश्न पडतो तो आदल्या दिवसांचा. अंडी-पावाच्या हिशेबावरून होणारा वाद, त्यातली शिवीगाळ, रोजची दहशत या गोष्टी एका दिवसात उगवत नाहीत. त्या महिलांना कोणाकडे तरी आधी जाता आले असते, आणि त्या जाण्याची झळ बसणार नाही अशी खात्री असती, तर छतावर चढण्याची पाळी आली असती का? छत हा तुरुंगातला असा एकच भाग आहे, जिथून बाहेरच्या जगाला आतला माणूस दिसतो. देशोदेशीच्या कैद्यांनी तक्रारीसाठी छत निवडले आहे, ते याच कारणाने.

इंग्लंडमध्येही हेच झाले होते, आणि तिथून आपल्याला शिकण्यासारखे बरेच आहे. १ एप्रिल १९९० रोजी मँचेस्टरच्या स्ट्रेंजवेज तुरुंगात प्रार्थनागृहातून दंगल सुरू झाली आणि ती २५ दिवस चालली. कैदी छतावर बसलेले साऱ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिले. तुरुंग खच्चून भरलेला होता, कोठडीत शौचालय नव्हते, रात्रभर बादली वापरून सकाळी ती रिकामी करावी लागे. न्यायमूर्ती वुल्फ यांनी चौकशी केली आणि फेब्रुवारी १९९१ च्या अहवालात असा निष्कर्ष काढला की, सुरक्षा, नियंत्रण आणि न्याय या तिन्ही गोष्टींचा तोल राहिला नाही, तर तुरुंग स्थिर राहत नाही. आपल्याला न्याय मिळत नाही, ही कैद्यांची भावना त्यांनी दंगलीच्या मुळाशी पाहिली. त्यांच्या शिफारशीतून १९९४ मध्ये तुरुंग खात्याबाहेरचा तुरुंग लोकपाल आला. तुरुंगाच्या आतली तक्रारप्रक्रिया संपल्यावर कैदी त्याच्याकडे जाऊ शकतो. २००४ पासून तुरुंगात होणाऱ्या प्रत्येक मृत्यूची चौकशीही त्याच्याकडे आली.

इंग्लंडमधली दुसरी गोष्ट फारशी सांगितली जात नाही, पण माझ्या मते तीच अधिक बोधक आहे. तिथे प्रत्येक तुरुंगासाठी बाहेरच्या नागरिकांचे अभ्यागत मंडळ फार पूर्वीपासून होते. हे लोक खात्याचे नोकर नव्हते, पगार घेत नव्हते, कधीही आत जाऊ शकत होते. पुस्तकी अर्थाने त्यांच्याइतके स्वतंत्र कोणी नव्हते. तरीही कैद्यांचा त्यांच्यावर विश्वास बसला नाही, कारण गंभीर शिस्तभंगाच्या प्रकरणांत शिक्षा देण्याचे कामही त्याच मंडळाकडे होते. काल ज्याने आपली शिक्षेतली सूट कापली, त्यालाच आज आपले गाऱ्हाणे सांगायचे, हे कोणाला जमणार? वुल्फ यांच्या शिफारशीनंतर १९९२ मध्ये शिक्षेचे काम मंडळांकडून काढून घेतले गेले आणि २००३ मध्ये त्यांचे नाव स्वतंत्र देखरेख मंडळ झाले. देखरेख करणाऱ्याला खात्याचा पगार नसणे पुरेसे नाही. त्याच्या हातात शिक्षेची सत्ताही नसावी लागते. आपल्याकडे जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि न्यायाधीश असे पदसिद्ध सदस्य अभ्यागत मंडळांवर घेतले जातात, तेव्हा हा धडा आठवायला हवा. ज्या पोलिसांनी अटक केली, त्यांचाच वरिष्ठ समोर बसलेला असताना न्यायाधीन बंदी कोठडीतल्या मारहाणीबद्दल किती बोलेल?

आपल्याकडची यंत्रणा कागदावर कमी नाही. तुरुंग कायद्यानेच राज्यांना अभ्यागत नेमण्याचे नियम करण्याचा अधिकार दिला आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग १९९३ पासून आहे. कोठडीतला मृत्यू २४ तासांच्या आत कळवावा, असे निर्देश त्याने त्याच वर्षी दिले. मूळ कायद्यात आयोगाने राज्य सरकारला कळवून तुरुंगाला भेट द्यावी, असे शब्द होते. २००६ च्या दुरुस्तीने ते गेले, ही चांगली सुधारणा झाली. पण आयोगाचे हात दोन ठिकाणी बांधलेले आहेत. घटनेला एक वर्ष उलटले की तो चौकशी करू शकत नाही, आणि चौकशीनंतर तो फक्त शिफारस करतो. तुरुंगात असलेला माणूस अनेकदा सुटकेनंतरच बोलायला धजतो. तेव्हा एक वर्षाची मर्यादा त्याच्या दृष्टीने फार तोकडी आहे. अशासकीय अभ्यागतांच्या बाबतीत तर सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा पुन्हा सांगावे लागले. २०१५ मध्ये कोठडीतल्या अत्याचारांविषयीच्या डी. के. बसू प्रकरणात त्याने अशा अभ्यागतांच्या नेमणुकीकडे राज्यांचे लक्ष वेधले. माजी सरन्यायाधीश आर. सी. लाहोटी यांच्या २०१३ च्या पत्रावरून देशातल्या १३८२ तुरुंगांच्या दुरवस्थेची सुनावणी सुरू झाली होती. तीत सप्टेंबर २०१७ मध्ये न्यायालयाने ३० नोव्हेंबर २०१७ पर्यंत अभ्यागत मंडळे स्थापन करा, अशी तारीखच घालून दिली. १९७९ मध्ये जे सांगितले, त्याच्या जवळपासचे २०१७ मध्ये सांगावे लागते, याचा अर्थ मधली ३८ वर्षे ते आदेश राज्यांच्या मर्जीवर राहिले.

खात्याबाहेरच्या देखरेखीवर पहिला आक्षेप ठरलेला असतो: कैदी खोटे बोलतात, तक्रारीचा धंदा करतात, अधिकाऱ्यांना वेठीला धरतात. काही तसे करत असतील, यात शंका नाही. पण इंग्लंडच्या लोकपालाकडे येणाऱ्या तक्रारींत सर्वांत मोठा वाटा असतो तो हरवलेल्या सामानाचा. एका तुरुंगातून दुसरीकडे पाठवताना कपडे, रेडिओ, फोटो गहाळ होतात आणि त्याची भरपाई कोणी देत नाही. अशा तक्रारीत कट-कारस्थान शोधण्यासारखे काही नसते. ती सहज सुटते आणि सुटली नाही, तर माणसाच्या मनात खदखदत राहते. खोट्या तक्रारीवरचा उपायही स्वतंत्र चौकशीच आहे. खात्याने आपल्याच शिपायाला निर्दोष ठरवले, तर त्यावर कैद्याचा किंवा त्याच्या नातेवाइकांचा विश्वास बसत नाही. बाहेरच्याने पुरावे पाहून निर्दोष ठरवले, तर त्या शिपायाचे नाव खऱ्या अर्थाने साफ होते. गर्दीने कोंडलेल्या, कमी मनुष्यबळाच्या तुरुंगात प्रामाणिकपणे नोकरी करणाऱ्या कर्मचाऱ्याला याची गरज कैद्याइतकीच आहे. जागा नाही, डॉक्टर नाही, माणसे नाहीत, हे तो वरिष्ठांना सांगून थकलेला असतो. तेच निरीक्षकाच्या जाहीर अहवालात आले की सरकारला उत्तर द्यावे लागते.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्यासारखा आहे. न्यायालये आहेत, मग आणखी एक यंत्रणा कशाला? बत्राचे पत्र न्यायालयापर्यंत पोहोचलेच ना? पोहोचले, पण असे पोहोचलेले पत्र अपवाद असते म्हणून तर ते इतिहासात राहते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते आणि जागा ४,३६,२६६ जणांची होती. त्यांपैकी ४,३४,३०२ जण न्यायाधीन होते, म्हणजे चारांतले तीन जण अजून दोषी ठरलेले नव्हते. यांतल्या कित्येकांना स्वतःच्या खटल्यासाठी वकील नीट मिळत नाही. पिण्याचे पाणी, औषध, भेटीचा नाकारलेला दिवस किंवा अडकलेली संचित रजा यासाठी त्यांनी उच्च न्यायालयात जावे, असे म्हणणे त्यांची थट्टा आहे. न्यायालय एखादे प्रकरण घडून गेल्यावर पाहते. निरीक्षकाचे काम ते घडण्याआधी पाहणे आहे. 'गुन्हेगारांचे एवढे लाड कशाला' असे म्हणणाऱ्यांनाही हा चारांतल्या तिघांचा आकडा लागू पडतो. आणि जो दोषी ठरला आहे, त्यालाही न्यायालयाने कारावास दिलेला असतो, मारहाण नव्हे.

स्वतंत्र यंत्रणा नेमली की काम झाले, असे मात्र मला म्हणायचे नाही. इंग्लंडचा मुख्य तुरुंग निरीक्षक कायद्याने नेमलेला असतो आणि पूर्वसूचना न देता जातो. डिसेंबर १९९५ मध्ये सर डेव्हिड रॅम्सबॉथम हे निरीक्षक लंडनच्या हॉलोवे महिला तुरुंगाची अवस्था पाहून तपासणी अर्धवट टाकून पथकासह बाहेर पडले. तसे करण्याची त्यांना मुभा होती आणि त्याचा परिणामही झाला. तरीही पुढची कित्येक वर्षे निरीक्षकांच्या शिफारशी फायलींत पडून राहत. म्हणून २०१७ मध्ये नवा नियम आला: एखाद्या तुरुंगाची अवस्था फार वाईट दिसली, तर निरीक्षकाने मंत्र्याला जाहीर पत्र लिहायचे आणि मंत्र्याने २८ दिवसांत जाहीर उत्तर द्यायचे. असे पहिले पत्र जानेवारी २०१८ मध्ये नॉटिंगहॅम तुरुंगाबद्दल गेले. त्याच वर्षी बर्मिंगहॅमचा खासगी कंपनीने चालवलेला तुरुंग सरकारला ताब्यात घ्यावा लागला. शिफारस बंधनकारक नसली तरी चालते, उत्तर बंधनकारक हवे, आणि तेही तारखेने बांधलेले. शिफारस नाकारायची असेल, तर का नाकारली, हे मंत्र्याने लोकांना सांगावे. आपल्या अभ्यागत मंडळांचे शेरे तुरुंगाच्या वहीत लिहिले जातात आणि सामान्य वाचकाला ते कधी दिसत नाहीत.

भेट देणारे निघून गेल्यावर रात्री त्या कैद्याचे काय होते, हा प्रश्न उरतोच. संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी कराराच्या २००२ च्या पूरक करारात देखरेख संस्थेशी बोलल्याबद्दल कोणालाही शिक्षा होऊ नये, असे कलम मुद्दाम घातले आहे. भारताने मूळ करारावर १९९७ मध्ये सही केली, पण त्याला मान्यता देऊन तो स्वतःवर बंधनकारक अजून केलेला नाही. पण त्यासाठी आंतरराष्ट्रीय कराराची वाट पाहायची गरज नाही. तुरुंग हा राज्यांच्या यादीतला विषय आहे. केंद्राने २०२३ मध्ये तुरुंग व सुधारसेवांचा आदर्श कायदा तयार करून राज्यांकडे पाठवला आणि त्यात तक्रार निवारणाची तरतूद आहे. कायद्यात एक ओळ असते, तिचे बळ नियमांत ठरते. तक्रार लिहिता न येणाऱ्या बंदीची तक्रार कोण लिहून घेणार, तक्रारीनंतर तीन महिन्यांत त्या बंदीची बदली करायची झाली तर परवानगी कोणाची लागणार, पेटीची किल्ली कोणाकडे असणार, मंडळावर पोलीस अधिकारी असणार की नाही, हे राज्याने लिहायचे आहे. आपल्या राज्याचे नियम हाती आले की अभ्यागत मंडळाचा अहवाल किती दिवसांत प्रसिद्ध करायचा आणि सरकारने किती दिवसांत उत्तर द्यायचे, याचे आकडे त्यात आहेत का, हे वाचकांनी सर्वांत आधी पाहावे. नसतील, तर आपल्या आमदाराला ते विचारावे.